स्तनतपासणी शिकवणारी सिलिकॉनची प्रतिकृती: वस्तू चांगली, पत्रक सदोष

स्वतःच्या स्तनांची तपासणी कशी करावी हे शिकवण्यासाठी सिलिकॉनच्या प्रतिकृती मिळतात आणि त्यांच्यात लहानमोठ्या गाठी निरनिराळ्या खोलीवर बसवलेल्या असतात. आरोग्यशिक्षणाच्या वर्गासाठी घेतलेली अशी एक प्रतिकृती आणि तिच्याबरोबर आलेले माहितीपत्रक, या दोहोंचे हे परीक्षण आहे.

प्रतिकृतीचे वरचे आवरण मऊ असले तरी कोरड्या बोटांना चिकटते, त्यामुळे थोडी टाल्कम पावडर लावावी लागते. वरच्या थरातली वाटाण्याएवढी गाठ कोणालाही लगेच सापडते. काखेकडच्या वरच्या भागात खोलवर बसवलेली गाठ मात्र बोटांच्या टोकांनी टोचून पाहणाऱ्यांना हमखास चकवते. मधल्या तीन बोटांची पेरे सपाट टेकवून, आधी हलका, मग मध्यम आणि शेवटी तळापर्यंत पोहोचणारा दाब देत लहान लहान वर्तुळे फिरवली, की ती जाणवू लागते. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी सर्वाधिक याच भागात आढळतात, त्यामुळे ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते. आणखी एक गाठ गुळगुळीत असून बोटाखालून निसटते, तरुण वयात होणाऱ्या निरुपद्रवी गाठीची, म्हणजे फायब्रोअ‍ॅडिनोमाची आठवण करून देणारी; दुसरी कठीण, खडबडीत आणि जागची न हलणारी आहे. उणीव एवढीच, की उरलेला सगळा भाग एकसारखा मऊ आहे. प्रत्यक्षात निरोगी स्तनही थोडाफार दाणेदार लागतो आणि पाळीच्या आधी तर अधिकच, त्यामुळे केवळ या प्रतिकृतीवर शिकलेल्या स्त्रीला घरी गेल्यावर सगळीकडे गाठीच लागण्याची शक्यता आहे.

खरा आक्षेप पत्रकावर आहे. गाठ मऊ, हलणारी किंवा दुखणारी असेल तर काळजी नको, कठीण आणि न दुखणारी असेल तरच डॉक्टरांना दाखवावी, असा त्याचा सूर आहे. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि कर्करोगाची गाठ बहुधा कठीण, वेड्यावाकड्या कडांची व न दुखणारी असते, हे खरे आहे. परंतु ती मऊ, गोल, हलणारी किंवा दुखरीही असू शकते. गाठ कसली आहे हे बोटे ठरवू शकत नाहीत, अनुभवी डॉक्टरांचीसुद्धा नाहीत. म्हणूनच तज्ज्ञ हाताने तपासतात, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) अथवा दोन्ही करतात आणि शंका उरल्यास सुईने नमुना काढून पाहतात. मॅमोग्राफीत काहीच दिसले नाही तरी हाताला गाठ लागत असेल, तर पुढची तपासणी टाळता येत नाही. पत्रकात याचा उल्लेखही नाही.

त्यामुळे वर्गात मी ते पत्रक वाटत नाही आणि नियम तोंडीच सांगते: नवी गाठ, किंवा एका स्तनात पूर्वी नसलेला जाडसर भाग लागला, की डॉक्टरांना दाखवावे. पाळी सुरू असलेल्या तरुण स्त्रीला पाळीच्या तोंडावर गाठ लागली आणि दुसरे कोणतेही लक्षण नसेल, तर पाळी संपेपर्यंत थांबून पुन्हा पाहायला हरकत नाही. त्यानंतरही ती असेल तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. रजोनिवृत्तीनंतर तेवढेही थांबू नये. अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून विषय सोडून दिला जातो. तशी गाठ साधारणपणे काही दिवसांत विरते, आणि न विरल्यास दाखवावीच, कारण सोनोग्राफीसाठी दूध पाजणे बंद करावे लागत नाही. गाठ नसतानाही त्वचेला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे किंवा त्यावर बरा न होणारा चट्टा उठणे, एकाच बाजूने आपोआप रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, औषधांनी न ओसरणारी लाली आणि सूज, ही सर्व कारणे डॉक्टरांना दाखवायला पुरेशी आहेत. पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित का होईना, आणि त्यांच्यासाठी नियम वेगळा नाही.

वेष्टनावर मासिक तपासणीने प्राण वाचतात असा दावा आहे, तोही अतिरंजित वाटतो. शांघायच्या कापड गिरण्यांतील सुमारे २,६६,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले; पद्धतशीर स्वतपासणी शिकवलेल्या गटात कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी (नमुना काढून केलेल्या तपासण्या) मात्र वाढल्या. आता अनेक तज्ज्ञ ठरावीक तारखेच्या तपासणीपेक्षा आपले स्तन नेहमी कसे असतात हे ओळखून बदल लगेच दाखवण्यावर भर देतात.

परिचारिका आणि आरोग्यशिक्षकांनी ही प्रतिकृती अवश्य घ्यावी; दाब किती द्यायचा, हे चित्र दाखवून शिकवता येत नाही. घरात एकटीने वापरण्यासाठी मात्र मी तिची शिफारस करणार नाही, निदान निर्माते ते पत्रक बदलेपर्यंत तरी.