कुलगुरुपदाचा अर्ज तयार करून देणारे विश्रामबागेतील दुकान : एक अनुभव

सांगलीच्या विश्रामबाग भागातील टंकलेखन, अक्षरजुळणी आणि बाइंडिंगच्या या दुकानात आमच्या विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक मॅडमांचा एका राज्य विद्यापीठाच्या कुलगुरुपदासाठीचा अर्ज तयार झाला. कागदपत्रांची जुळवाजुळव माझ्याकडे असल्यामुळे दुकानाचे काम मला जवळून पाहता आले. विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही जुनी महाविद्यालये याच भागात असल्याने पीएचडीचे प्रबंध, पदोन्नतीच्या फाइली आणि नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीचे अहवाल यांसाठी शिक्षकांची येथे नेहमीच ये-जा असते. परंतु कुलगुरू, प्र-कुलगुरू (कुलगुरूंच्या खालोखालचे पद) किंवा अधिष्ठाता (विद्याशाखेचे प्रमुख) या पदांचा अर्ज ही वेगळी गोष्ट आहे. त्या कामासाठी येणाऱ्यांना येथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधी माहीत असावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पात्रतेची कागदपत्रे लावण्याची तेथील पद्धत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कुलगुरुपदाच्या उमेदवाराला विद्यापीठात प्राध्यापक म्हणून किमान दहा वर्षांचा, किंवा नामांकित संशोधन अथवा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेतील तेवढाच अनुभव आणि शैक्षणिक नेतृत्वाचा पुरावा द्यावा लागतो. ही अट केवळ कागदावरची राहिलेली नाही. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नियुक्ती या विनियमांशी विसंगत ठरवून रद्द केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळमधील तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंची नियुक्तीही रद्द झाली. तेथे कुलगुरुपदासाठी नावे सुचवणाऱ्या शोध समितीने तीन ते पाच नावांची यादी देण्याऐवजी एकच नाव सुचवले होते. या निकालांनंतर उमेदवाराच्या सेवेचा प्रत्येक दिवस तपासला जाणार हे गृहीत धरूनच अर्ज करावा लागतो, आणि दुकानाचे मालक काका हे पूर्णपणे जाणून आहेत.

त्यांनी मॅडमांच्या सेवेचा एक आडवा तक्ता तयार केला. पद, संस्था, आदेश क्रमांक व दिनांक, रुजू दिनांक, कार्यमुक्तीचा दिनांक, एकूण वर्षे-महिने-दिवस आणि शेवटी परिशिष्टातील पान क्रमांक असे त्याचे रकाने होते. पदोन्नतीने प्राध्यापक झालेल्यांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. पदोन्नतीचा आदेश उशिरा निघतो, मात्र लाभ पात्रतेच्या मागील तारखेपासून मिळतो. अर्जात नुसती आदेशाची तारीख लिहिली तर अनुभव कमी भरतो, आणि नुसती पात्रतेची तारीख लिहिली तर ती कोठून आणली असा प्रश्न उभा राहतो. काकांनी दोन्ही तारखा शेजारी शेजारी दोन रकान्यांत दिल्या, त्याखाली वेतननिश्चितीच्या पत्राचा संदर्भ जोडला आणि मूळ आदेशातील संबंधित ओळीच्या समासात पेन्सिलीने बारीक खूण केली. तपासणाऱ्याला पान उलटल्याबरोबर ती ओळ सापडते. आमच्याकडील महाविद्यालयांत अनेकांना प्राध्यापकपद २०१८ नंतर मिळाले आहे, म्हणजे त्यांची दहा वर्षे २०२८ च्या आधी पूर्ण होणारच नाहीत. असे एक गृहस्थ माझ्यासमोरच चौकशीसाठी आले असता काकांनी त्यांचे काम घेण्याआधी तारखांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला आणि आधी विनियम वाचून या, असे सांगितले. हातचे गिऱ्हाईक परत पाठवण्याचा हा सरळपणा मला फार मोलाचा वाटला.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात सांगलीच्या कितीतरी घरांतील कागदपत्रे भिजली. मॅडमांचा अधिव्याख्याता म्हणून मिळालेला पहिला नियुक्ती आदेश त्यांपैकीच एक. कागदाच्या खालच्या भागात तपकिरी डाग पसरलेला, शिक्का अर्धवट पुसलेला आणि आवक क्रमांकाचे शेवटचे दोन अंक न वाचता येण्याजोगे. संगणकावर डाग काढून प्रत स्वच्छ करणे सहज शक्य होते, आणि घाईच्या वेळी कोणालाही तसा मोह व्हावा. काकांच्या मुलीने, जी तेथे अक्षरजुळणी पाहते, ते करण्यास ठाम नकार दिला. मूळ कागदात जे दिसत नाही ते आम्ही दाखवणार नाही, एवढेच ती म्हणाली. त्या आदेशाची रंगीत प्रत जशीच्या तशी लावली गेली, संस्थेच्या कार्यालयाकडून सेवापुस्तकातील नोंदीची साक्षांकित प्रत मागवून ती त्यामागे जोडली गेली आणि दोन्हींना एकाच परिशिष्टाचा क्रमांक मिळाला. विद्यापीठाचे प्रमुखपद मागणाऱ्या व्यक्तीच्या कागदांत एकही संशयास्पद पान असू नये, ही काळजी येथे मनापासून घेतली जाते.

मराठी मजकुराचे कामही चांगले आहे. मॅडमांचे जुने लेख आणि अहवाल श्रीलिपी या जुन्या मराठी टंकप्रणालीत होते. ते युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, हे ज्यांनी हा उद्योग केला आहे त्यांना ठाऊक असते. येथे रूपांतर करून थांबत नाहीत, छापील प्रत समोर ठेवून प्रूफ वाचतात.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्यातील एक गंभीर आहे. दुकानाचा मुख्य व्यवसाय पदोन्नतीच्या फाइलींचा असल्याने प्रत्येक अर्ज त्याच साच्यात बसवण्याची तेथे सवय आहे. आम्हाला मिळालेल्या पहिल्या कच्च्या प्रतीत सुरुवातीलाच संशोधन गुणांचा विस्तृत तक्ता होता. विज्ञान शाखेतील शोधनिबंधाचे मूळ गुण ८, तीन लेखक असल्यास प्रमुख लेखकाला ७० टक्के म्हणजे ५.६ आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के म्हणजे २.४, पीएचडी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला १० गुण, असा सारा हिशेब अचूक मांडलेला होता. हिशेबात चूक नव्हती. चूक जागेची होती. हा तक्ता प्राध्यापकपदाच्या निवडीसाठी आहे, तेथे किमान १२० गुणांची अट असते. जी व्यक्ती अनेक वर्षे प्राध्यापक आहे तिने शोध समितीपुढे पहिल्याच पानावर पुन्हा आपले प्राध्यापकपण सिद्ध करत बसण्याचे कारण नाही. उत्तम संशोधक असणे आणि विद्यापीठ चालवू शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समितीला दुसऱ्या गोष्टीचा पुरावा हवा असतो. आपल्याकडे या दोहोंची गल्लत फार जुनी आहे. निबंधांची यादी जितकी लांब तितका उमेदवार मोठा असे समजून आपण अर्ज लिहितो, आणि निवड झाल्यावर मात्र त्या व्यक्तीपुढे येतात ते रखडलेले निकाल, रिकामी शिक्षकपदे, न्यायालयीन प्रकरणे आणि अंदाजपत्रक.

मॅडमांनी तो तक्ता शेवटच्या परिशिष्टात टाकायला सांगितला आणि त्याच्या जागी आपल्या परीक्षाविषयक कामाचा तपशील दिला. त्या काही वर्षे केंद्रीय मूल्यमापन केंद्राच्या, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्याच्या, समन्वयक होत्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत निकाल लावणे अपेक्षित आहे. मॅडमांनी प्रत्येक सत्रासाठी उत्तरपत्रिका केंद्रावर पोहोचल्याची तारीख, तपासणी संपल्याची तारीख, नियंत्रक समितीने गुण पुढे पाठवल्याची तारीख आणि ज्या सत्रात उशीर झाला त्याचे कारण, असा तक्ता लिहून दिला. एका सत्रात परीक्षक न मिळाल्याने काम लांबले होते; तेही त्यांनी तसेच लिहिले आणि पुढच्या सत्रात परीक्षकांची नेमणूक कशी आधी केली ते त्याखाली नोंदवले. माझ्या मते संपूर्ण अर्जातील सर्वांत वजनदार पान हेच आहे. काकांना आधी ही मांडणी पटली नव्हती. उशीर स्वतःहून कशाला दाखवायचा, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु सांगितल्याप्रमाणे त्यांनी पाने नव्याने लावली, सर्व पृष्ठक्रमांक आणि अनुक्रमणिका बदलली आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. तात्पर्य असे की, मांडणीचा क्रम आपण घरून ठरवून न्यावा. दुकानावर सोडल्यास अर्ज पदोन्नतीच्या फाइलीसारखाच होईल.

दुसरी उणीव विद्यापीठविषयक संकल्पनेच्या टिपणाबाबत आहे. बहुतेक जाहिरातींत उमेदवाराकडून असे टिपण मागितले जाते. दुकानात त्याचा तयार नमुना मिळतो आणि तो विकत घेणारे आहेत. मी तो वाचला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, जागतिक दर्जा, उद्योगांशी सहकार्य, कौशल्यविकास हे सर्व शब्द त्यात आहेत, पण विद्यापीठाचे नाव बदलले तर एकही वाक्य बदलावे लागणार नाही. असे टिपण समितीपुढे गेले तर त्याचे काय होईल हे सांगायला नको. शिवाय ज्या माणसाला विद्यापीठाचा कारभार हाती घ्यायचा आहे, त्याने विद्यापीठाविषयीचा आपला विचार दुकानातून आणावा, ही गोष्ट मला मुळातच अनुचित वाटते. काकांनी हा नमुना ठेवूच नये, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. मॅडमांनी स्वतः हाताने लिहिलेले टिपण दिले. ते मात्र येथे एकही शब्द न बदलता, नेमकेपणाने जुळवून मिळाले.

तिसरी गोष्ट गोपनीयतेची. एका पदासाठी सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतून अनेकजण अर्ज करतात आणि त्यांपैकी काहीजण याच दुकानात येतात. आणखी कोण अर्ज करत आहे, हे काकांनी आम्हाला कधीही सांगितले नाही, मी सहज विचारले तेव्हाही नाही. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण समोरच्या संगणकाच्या पडद्यावर ग्राहकांच्या नावांचे फोल्डर उघडे दिसतात, ही व्यवस्था बदलायला हवी. नावाऐवजी क्रमांक वापरले तरी पुरे. काम झाल्यावर आमची फाइल आमच्यासमोर काढून टाकायला सांगितली, तेव्हा ती लगेच काढली गेली. पण हे ग्राहकाने सांगावे लागू नये.

हार्डबाउंड बाइंडिंग भक्कम आहे, पाने उघडी राहतात, परिशिष्टांना रंगीत पट्ट्या लावून देतात. अपलोड करण्याच्या पीडीएफमध्ये अनुक्रमणिकेवर क्लिक केल्यास थेट संबंधित परिशिष्ट उघडते. फाइलीचा आकार जाहिरातीतील मर्यादेत बसवताना शिक्क्यांची स्पष्टता त्यांनी सांभाळली. दर गावातील इतर दुकानांपेक्षा थोडा जास्त आहे. पृष्ठक्रमांक घालण्याचे आणि परिशिष्टांच्या पट्ट्यांचे पैसे वेगळे लागतात, ते आधी विचारून घ्यावेत. मार्च ते मे हा प्रबंधांचा आणि फाइलींचा हंगाम असल्याने त्या काळात कामाला उशीर होतो, आणि दुपारी दुकान बंद असते.

अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या संस्थेमार्फत, पाठवायचा असल्यास संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि चौकशी प्रलंबित नसल्याचे पत्र या दोन कागदांसाठी सर्वाधिक वेळ जातो, आणि ते दुकानाच्या हातात नाही. त्यामुळे जाहिरात आल्याबरोबर आधी कार्यालयात अर्ज द्यावा, आगाऊ प्रत पाठवण्याची मुभा आहे का ते जाहिरातीत पाहावे, आणि मगच विश्रामबागेत जावे. प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबर संपते, त्यामुळे ही दोन्ही पदे साधारण एकाच सुमारास रिक्त होतात. अशा वेळी या दुकानात गर्दी असते हे लक्षात घेऊन सेवातपशिलाचा तक्ता तरी आधीच करून ठेवावा. साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर या भागातील शिक्षकांसाठी अशा पदांच्या संधी वाढल्या आहेत आणि तिकडूनही लोक येथे काम घेऊन येतात. मूळ कागदपत्रे, सेवापुस्तकातील नोंदींच्या प्रती आणि स्वतः ठरवलेला परिशिष्टांचा क्रम घेऊन गेल्यास येथे काम निश्चित चांगले होईल. आमच्या विभागातील एक सहकारी अधिष्ठातापदाच्या अर्जासाठी पुढील महिन्यात जाणार आहेत, आणि त्यांना मी हेच दुकान सुचवले आहे.