विमानाच्या इंजिनावर एआर चष्मा : काही महिन्यांच्या वापरानंतर

विमान देखभालीचं शिक्षण देणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत मी इंजिन हा विषय शिकवतो. आमच्या हँगरमध्ये फक्त प्रॅक्टिकलसाठी ठेवलेलं एक सेसना १७२ हे छोटं विमान आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर संस्थेनं होलोलेन्स २ या मायक्रोसॉफ्टच्या एआर चष्म्याचे (समोरच्या खऱ्या वस्तूवर बाण, आकडे आणि सूचना दाखवणाऱ्या) सेट घेतले आणि तेव्हापासून ते रोज कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर असतात. घ्यावेत की नाही असं विचारणारे फोन इतर संस्थांमधून येत असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी जे आवडलं ते. या विमानाच्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनाला चार सिलिंडर आणि आठ स्पार्क प्लग. प्लग साफ करून परत बसवताना ते आपापल्या जागी जात नाहीत. वरचे खाली, खालचे वर, तेही फायरिंग ऑर्डरच्या, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमानं पेटतात त्याच्या हिशेबानं : १-३-२-४. नव्या मुलाचा गोंधळ नेमका इथे होतो. चष्म्यातून प्रत्येक प्लगपाशी आकडा दिसतो आणि तो कुठे जायचा ते बाणानं कळतं. हात काळे झालेले असताना मॅन्युअलचं पान उलटावं लागत नाही, हा फायदा मला फार मोठा वाटतो. काम मध्येच थांबलं तर कुठली पायरी झाली आणि कुठली राहिली, तेही समोर दिसतं. देखभालीतल्या कितीतरी चुका अर्धवट सोडलेल्या कामातून होतात, त्यामुळे या एका सोयीसाठी मी चष्म्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

आता बाणाबद्दल. बाण हँगरमधल्या जागेला चिकटलेला असतो, विमानाला नाही. एकदा एक विद्यार्थिनी खालच्या प्लगवर काम करत होती. तेवढ्यात दुसरा मुलगा कॉकपिटमध्ये चढला आणि पुढच्या चाकाचा स्ट्रट (धक्के शोषणारा दांडा) किंचित दबला. ती लगेच म्हणाली, "सर, बाण सरकला. आता तो प्लगवर नाही, बाजूच्या क्लॅम्पवर आहे." तिच्या लक्षात आलं म्हणून बरं झालं. तेव्हापासून चष्मा लावून काम चालू असताना विमानावर कुणी चढायचं नाही, आणि विमान हललंच तर बाणाची जागा ठरवणारा कोड चष्म्यानं परत स्कॅन करायचा, असा नियम केलाय.

डेमोमध्ये कधीच कळत नाही अशी गोष्ट म्हणजे फोकसचं अंतर. होलोलेन्समधलं चित्र साधारण दोन मीटरवर फोकस केलेलं असतं आणि प्लग असतो हातभरावर. डोळ्यांना एकाच वेळी दोन अंतरं सांभाळावी लागतात, त्यामुळे थोड्या वेळानं मुलं कपाळ चोळायला लागतात. आम्ही सूचनांचा फलक पंखाच्या बाजूला लांब टांगून ठेवतो. जागा ओळखण्यापुरता बाण बघायचा, मग तो बंद करायचा आणि उघड्या डोळ्यांनी काम करायचं. वजन ५६६ ग्रॅम आहे. उभं राहून काम करताना ते जाणवत नाही, इंजिनाखाली वाकून वर बघायला लागलं की मान बोलायला लागते. बॅटरी दोन-तीन तास चालते, एका प्रॅक्टिकलला पुरते. दुपारी हँगरचं दार उघडं असेल तर उन्हात चित्र फिकं पडतं. कॉम्प्रेसर चालू असला किंवा लोहगावहून सुखोई उडालं, की तोंडी दिलेली आज्ञा चष्म्याला ऐकूच जात नाही.

लॉक वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून पीळ देऊन बांधायची तार, शिकवताना चष्म्याची मर्यादा सगळ्यात स्पष्ट दिसते. तार बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनं ओढली गेली पाहिजे, हे तो छान दाखवतो. ०.०३२ इंची तारेला इंचात सहा ते आठ पीळ, हेही लिहून दाखवतो. पण पीळ देताना तार कधी तुटायला आली हे बोटांनाच कळतं. प्लगच्या ४२० इंच-पौंड टॉर्कचंही, म्हणजे तो किती जोरानं आवळायचा त्या मापाचंही तसंच. आकडा समोर दिसतो, पण आटे सरळ बसलेत की तिरके, हे पाना लावायच्या आधी हातानं फिरवतानाच समजतं.

मुलांना मी १९९० सालचा ब्रिटिश एअरवेजचा अपघात नेहमी सांगतो. १० जूनला बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच हवेत निखळली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. ते वाचले, हे नशीब. काचेच्या ९० बोल्टपैकी ८४ कमी जाडीचे होते. बसवणाऱ्यानं ते कॅटलॉग न बघता, जुन्या बोल्टशी नजरेनं जुळवून निवडले होते. आमचा चष्मा बोल्ट कुठे बसतो ते दाखवतो, हातातला बोल्ट कुठला आहे ते त्याला कळत नाही. पार्ट नंबर वाचायची सवय म्हणूनच मी आता आधीपेक्षा जास्त कडकपणे लावतो.

अनपेक्षितपणे उपयोगी ठरला तो व्हिडिओ कॉल. आमचे एक निवृत्त सर गुडघ्यांमुळे हँगरमध्ये येऊ शकत नाहीत. ते सहकारनगरातल्या घरून लॅपटॉपवर बघतात. त्यांनी लॅपटॉपवर काढलेला गोल आम्हाला थेट इंजिनावर दिसतो. एकदा ते म्हणाले, "अरे, ती इग्निशन लीड बघ, बॅफलला घासतेय. क्लॅम्प सैल असणार." (लीड म्हणजे प्लगला वीज नेणारी वायर, बॅफल म्हणजे इंजिनाभोवती हवा वळवणारा पत्रा.) मुलानं हात घातला, क्लॅम्प खरंच सैल होता. आमच्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. अर्थात कागदावर सही त्याचीच, ज्यानं हात लावून तपासलं.

तक्रार एकच, पण गंभीर. मॅन्युअलची नवी आवृत्ती आली की चष्म्यातल्या पायऱ्याही बदलल्या पाहिजेत. ज्या कंपनीनं आमच्या पायऱ्या तयार करून दिल्या, ती हे काम आठवडेच्या आठवडे लांबवते. विमानाच्या कामात जुनी सूचना चालत नाही. त्यामुळे प्रत्येक पायरीवर आवृत्तीचा क्रमांक दिसलाच पाहिजे असा आग्रह मी धरला. तो जुळला नाही तर चष्मा कपाटात आणि मॅन्युअल हातात.

तंत्र नवीन नाही. बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी वायरिंगच्या कामासाठी याची कल्पना मांडली, त्यांचा निबंध १९९२ चा. पण उपकरणं टिकत नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये होलोलेन्स २ चं उत्पादन थांबवलं, सुरक्षा अपडेट २०२७ अखेरपर्यंतच मिळणार. आज कुणी जुना सेट स्वस्तात देत असेल तर हे ध्यानात ठेवून किंमत ठरवा. पायऱ्या तयार करून घेताना त्या दुसऱ्या चष्म्यावर आणि साध्या टॅबलेटवरही चालतील, आणि मॅन्युअल बदललं की किती दिवसांत बदलून मिळतील, हे करारात लिहून घ्या.