अ‍ॅनेस्थेशिया करायला जर्मनी, आयर्लंड की यूके? आणि ते ‘युरोपभर चालतं’ प्रकरण

एमबीबीएस झालंय, अ‍ॅनेस्थेशिया करायचंय, नीट पीजीच्या रँकला हवी ती सीट लागत नाहीये आणि कुणीतरी सांगितलंय की युरोपात जा, एका देशात स्पेशालिस्ट झालं की २७ देशांत कुठेही प्रॅक्टिस करता येते. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या पासपोर्टवाल्यांनाच नडतं, म्हणून आधी तेच बघू.

ईयूचं म्हणजे युरोपियन युनियनचं डायरेक्टिव्ह (सदस्य देशांना बंधनकारक नियम) आहे, २००५/३६ नंबरचं, २०१३ मध्ये त्यात बदल झाले. स्पेशालिटीचं ट्रेनिंग किमान किती वर्षांचं हवं ते त्यात दिलंय. जनरल सर्जरी ५, गायनॅक आणि पेडियाट्रिक्स ४, डोळे आणि ईएनटी ३, आणि अ‍ॅनेस्थेशियापण ३च, म्हणजे कागदावर आपल्या एमडीइतकंच! प्रत्यक्षात स्पेन ४ घेतं, जर्मनी, फ्रान्स, इटली ५, आयर्लंड ६. स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनांची मिळून यूईएमएस म्हणून एक युरोपियन संघटना आहे, १९५८ पासूनची, ती प्रत्येक विषयात ट्रेनीला काय काय आलं पाहिजे याची डॉक्युमेंट्स काढते आणि अ‍ॅनेस्थेशियाला ५ वर्षं द्या म्हणते. पण ते ऐकायचं की नाही हे त्या त्या देशाच्या मर्जीवर. म्हणजे जे बंधनकारक आहे ते मुख्यतः वर्षं मोजतं आणि जे हाताचं कसब बघतं ते बंधनकारक नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

आता ऑटोमॅटिक रेकग्निशन, म्हणजे एका देशाचं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट दुसऱ्या देशाने आपोआप मानणं. हे मुळात ईयूच्या नागरिकांसाठी आहे, आणि स्पेशालिटीच्या खालची बेसिक डिग्रीपण ईयूच्या नियमात बसणारी लागते. तुमचं एमबीबीएस नाशिकचं किंवा पुण्याचं, पासपोर्ट भारताचा, मग जर्मनीत फाखआर्त्स्ट म्हणजे स्पेशालिस्ट झालात तरी नेदरलँड्सवाले आपोआप शिक्का मारतील असं नाही. ज्या देशाने तुमची डिग्री मान्य केली तिथे ३ वर्षं काम केल्याचा दाखला असेल तर दार उघडतं, पण ते बहुतेकदा नागरिकत्व आल्यावर, आणि तेही जनरल सिस्टिमचं दार, म्हणजे कागद तपासणार, फरक वाटला तर जास्तीची परीक्षा नाहीतर अ‍ॅडाप्टेशन पिरियड, म्हणजे काही काळ देखरेखीखाली काम, लावणार, शिवाय नवी भाषा आहेच. जर्मनीत हल्ली ५ वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्वाला अर्ज करता येतो, पण मग भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, तो हिशेब घरी बसून करा.

एवढं कळल्यावर देश निवडायला सोपं जातं, कारण प्रश्न ‘कुठून कुठे जाता येईल’ हा राहतच नाही, ‘कुठे राहायचंय’ एवढाच उरतो.

जर्मनी. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे नीटसारखी एंट्रन्सच नाही. आधी जर्मन भाषेची बी२ लेव्हल, मग फाखश्प्राखप्रूफुंग ही डॉक्टरांची भाषेची परीक्षा, म्हणजे पेशंटशी बोलणं, रिपोर्ट लिहिणं आणि सिनियरला केस सांगणं हे सगळं जर्मनमधून, मग अ‍ॅप्रोबेशन, म्हणजे डॉक्टरकीचं पूर्ण लायसन्स, त्यासाठी आपल्याकडच्या बऱ्याच जणांना केन्टनिसप्रूफुंग ही वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा द्यावीच लागते. त्यानंतर हॉस्पिटलला थेट अर्ज. पगार पहिल्या दिवसापासून, टॅक्सच्या आधी महिना ५ हजार युरोच्या आसपास. ट्रेनिंग ६० महिन्यांचं, त्यातले १२ आयसीयूत, शेवटी मेडिकल चेंबर म्हणजे डॉक्टरांच्या अधिकृत संस्थेसमोर तोंडी परीक्षा. पण एक गोष्ट एजंट लोक सांगत नाहीत: ट्रेनिंगची परवानगी त्या डिपार्टमेंटच्या चीफकडे असते आणि ती पूर्ण ६० महिन्यांची असेलच असं नाही. छोट्या गावातल्या हॉस्पिटलला कधी २४ महिन्यांचीच असते, म्हणजे पुढच्यासाठी परत नोकरी शोधा, परत सामान हलवा. आणि कार्डियाक किंवा लहान मुलांच्या केसेस तिथे होत नसतील तर लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही, कुठून भरणार? इंटरव्ह्यूत पगाराआधी हे विचारा, लाजू नका.

आयर्लंड. इंग्रजी, ईयूमध्येही आहे, ऐकायला दोन्ही हातांत लाडू. पण ट्रेनिंगच्या सीटसाठी आधी ईयू आणि यूकेचे नागरिक, मग बाकीचे. त्यामुळे बाहेरून आलेले बरेच डॉक्टर नॉन-ट्रेनिंग पोस्टवर असतात, काम तेच, नाइट ड्युट्याही तेवढ्याच, पण ती वर्षं स्पेशालिस्टच्या सर्टिफिकेटकडे मोजली जात नाहीत. अनुभव आणि पैसा हवा असेल तर ठीक, सीट मिळेलच या भरवशावर जायचं तर मी नको म्हणेन.

यूके. ट्रेनिंग म्हणून मला अजूनही सगळ्यात शिस्तीचं हेच वाटतं, ७ वर्षं, ठरलेला करिक्युलम, मध्ये तिथल्या रॉयल कॉलेजच्या एफआरसीए या पदवीच्या प्रायमरी आणि फायनल अशा दोन परीक्षा. पण सीटसाठी मारामारी प्रचंड वाढलीये आणि तिथल्या सरकारचा कल आता यूकेच्याच मेडिकल कॉलेजवाल्यांना आधी घ्यायचा आहे. शिवाय ब्रेक्झिट! १ जानेवारी २०२१ पासून यूकेचं सर्टिफिकेट ईयूत ऑटोमॅटिक चालत नाही. मजा अशी की युरोपातून येणाऱ्यांची सर्टिफिकेट्स यूके स्वतःहून मान्य करत राहिलंय.

स्पेनचं थोडक्यात सांगतो: एमआयआर म्हणून देशपातळीवरची परीक्षा, आधी डिग्रीची मान्यता आणि ती फाइल महिनोन्महिने पडून राहते, ईयूबाहेरच्या नागरिकांच्या सीटांना वरून मर्यादा. स्पॅनिश आधीच येत नसेल तर सोडा.

ईडीएआयसीबद्दलपण सगळे विचारतात. ही अ‍ॅनेस्थेशियाची युरोपियन परीक्षा, स्वित्झर्लंडमध्ये तर स्पेशालिस्टच्या परीक्षेतच तिचा वापर होतो. पास झालात तर सीव्ही चांगला दिसतो, अभ्यासही पक्का होतो, पण लायसन्स मिळत नाही, स्पेशालिस्ट हा दर्जाही मिळत नाही. क्लासवाले ‘युरोपियन डिग्री’ म्हणून विकतात तेव्हा फी भरायच्या आधी हे डोक्यात ठेवा.

ज्यांचं इकडे एमडी झालंय त्यांचं गणित वेगळं. जर्मनीत चेंबर तुमच्या एमडीतले काही महिने धरू शकतं, पण ते केस बघून, आणि शेवटची तोंडी परीक्षा जर्मनमध्ये द्यावीच लागते. यूकेत पोर्टफोलिओ पाथवे आहे, म्हणजे तिथलं ट्रेनिंग न करता स्पेशालिस्ट म्हणून नोंदणी मिळवायचा रस्ता, २०२३ च्या शेवटी नियम बदलल्यापासून तिथल्या ट्रेनिंगशी ओळीला ओळ जुळवायची गरज नाही, यूकेत स्पेशालिस्ट म्हणून काम करण्याइतकं ज्ञान, कसब आणि अनुभव आहे हे दाखवायचं, त्यासाठी पुराव्यांची भलीमोठी फाइल लागते. एमडी झालेल्याने परत ७ वर्षं ट्रेनी व्हायच्या आधी हा रस्ता बघावा, आणि लॉगबुक, ऑडिट, असेसमेंट आजपासूनच सही-शिक्क्यानिशी जपायला लागावं, कारण जुन्या हॉस्पिटलमधून ५ वर्षांनी हे कागद काढणं म्हणजे डोक्याला ताप.