न्यूयॉर्कमध्ये वर्णभेदाची तक्रार: आयोगाकडे की कोर्टात?

कातडीच्या रंगावरून घर किंवा नोकरी नाकारली, तर न्यूयॉर्क शहराच्या कायद्याखाली दोन वाटा आहेत. शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. मुख्य म्हणजे आयोग स्वतः पडताळणी करू शकतो: एकाच फ्लॅटच्या चौकशीला एक काळी आणि एक गोरी व्यक्ती वेगवेगळी पाठवायची, आणि ‘फ्लॅट गेला’ हे उत्तर कोणाला मिळतं ते बघायचं. मुद्दाम केलेल्या भेदभावाला 2.5 लाख डॉलरपर्यंत दंड आहे. तक्रार करायची मुदत मात्र साधारण 1 वर्षाची. कोर्टात ती 3 वर्षं, पण तिथे वकिलाशिवाय निभाव लागणं कठीण. भाडेकरूला मी आयोगच सुचवेन. नोकरीत मोठं नुकसान झालं असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या; आयोगात तक्रार चालू असताना तोच दावा सहसा कोर्टात नेता येत नाही.