बेसवाल्याने कुठे जावं: मुंबईचा मेळा की नागपूरचा ऑर्केस्ट्रा?

माझ्या मावसभावाने बेस गिटार हातात घेतली त्याला दीड वर्ष झालं. परवा रात्री त्याचा फोन आला. "दादा, मुंबईत फक्त बेसवाल्यांचा दिवसभराचा कार्यक्रम आहे. दुपारी वर्कशॉप, संध्याकाळी लाइव्ह. तिकीट काढून टाकू का?" मागून मावशीचा आवाज आला, "चार तारा ऐकायले मुंबईले जाते का कोणी? इथं शनिवारी देशपांडे सभागृहात ऑर्केस्ट्रा आहे, तो ऐक म्हणा!"

मावशी रागात बोलली, पण प्रश्न तिने नेमका मांडला. मी दोन्हीकडचे कार्यक्रम पाहिलेत, दोन्हीकडे पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाइव्ह ऐकायलाच हवं, यावर माझं आणि भावाचं एकमत आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, पाच तारांच्या बेसची त्याहून खालची तार ३१ च्या आसपास. मोबाइलचा एवढासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. वरचे स्वरांश ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे रील बघून 'काय बेस वाजवला बे!' म्हणतो, तेव्हा अर्धा बेस आपणच वाजवलेला असतो.

ऑर्केस्ट्राचं तिकीट काढण्याआधी आयोजकाला एक गोष्ट विचारायची: बेस वाजवायला माणूस आहे का? हसू नका. खर्च वाचवायला अनेक ठिकाणी बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर ढकललेला असतो. मी एकदा न विचारता गेलो आणि तीन तास एका माणसाच्या करंगळीकडे बघत बसलो.

माणूस असेल तर मात्र नागपूरचा ऑर्केस्ट्रा ही बेसची चांगली शाळा आहे. आर. डी. बर्मन यांची गाणी हमखास असतात आणि त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, त्यामुळे त्या गाण्यांत बेसला खरं काम असतं. मागच्या हिवाळ्यात एक काका पाहिले, साठीच्या पुढचे. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, तारांखाली भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा खोचलेला. त्याने सूर लांबत नाही, 'ठुम्' होऊन लगेच मिटतो, जुन्या रेकॉर्डवर ऐकू येतो तसा. मुखड्याला ते चांगले नाचवत होते. अंतरा आला, व्हायोलिनं भरून आली, आणि काकांनी वाजवणं एकदम कमी केलं, अख्ख्या आवर्तनाला एक सूर. मध्यंतरात चहाच्या स्टॉलवर गाठून विचारलं तर म्हणाले, "बाई गाऊन राहिली ना, तिथं आपलं काय काम?" हे मला दोन वर्षांच्या क्लासात कोणी सांगितलं नव्हतं.

शिवाय सभागृहात बेसिस्टकडे बघणारे आपण एकटेच असतो. त्यामुळे कार्यक्रमाआधी साउंड चेकच्या वेळी जाऊन नमस्कार केला, 'मीही वाजवतो' म्हटलं, तर माणूस खूश होतो. एकाने तर मला त्याची गिटार हातात दिली होती. बसायला बेसिस्टच्या बाजूची पुढची जागा घ्यायची, तो बहुतेक ड्रमच्या शेजारी असतो. रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात सुमारे २००० माणसं बसतात, तिथे मागच्या रांगेतून बोटं दिसणं विसरा. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहातही पुढे बसण्याला पर्याय नाही.

कमी काय पडतं? वाद्याची पोच दिसत नाही. ऑर्केस्ट्रातला बेसिस्ट तारेवर अंगठा आपटून वाजवणार नाही. ते तंत्र अमेरिकेत लॅरी ग्रॅहम यांनी रुजवलं, आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता म्हणून तालाची जागा त्यांनी अंगठ्याने भरली. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसलेला, मींड घेणारा बेस तर इथल्या मंचावर मी एकदाही पाहिला नाही. अमेरिकेतले बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी तो कुठल्या उंचीवर नेला, हे रेकॉर्डिंग ऐकून कळतं, पण बोट नेमकं कुठे पडतं ते समोर बसल्याशिवाय नाही कळत.

मुंबईचा मेळा त्यासाठी. वडिलांकडून लहानपणीच बेस शिकलेल्या मोहिनी डे पुढे ए. आर. रहमान यांच्या मंचावर पोचल्या, ते याच शहरातून. अशा कार्यक्रमात पाच-सहा तारांची वाद्यं, वेगवेगळे अँप, पेडल हाताळून बघता येतात. एरवी नागपूरच्या दुकानात मागवून घ्यावं लागतं आणि आल्यावर 'नको' म्हणायची सोय नसते. प्रश्नोत्तरं तर फारच कामाची, फक्त प्रश्न घरून लिहून न्यायचे. 'रोज किती तास रियाज करता?' हा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतोच आणि पाच मिनिटं वाया जातात. 'वेग वाढला की माझ्या उजव्या हाताची बोटं अडखळतात, बघता का?' असं विचारलं की समोरचा माणूस खुर्चीतून उठून येतो.

पण तिथली संध्याकाळ मला दर वेळी थोडी जड जाते. सलग दोन-अडीच तास सोलो. सगळेच तलवारी फिरवतात, भाकरी कोणी भाजत नाही. अमेरिकेतले जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचे आणि त्यांच्या बेसवर कित्येक गाणी उभी राहिली. अशा मेळ्यात एका बोटाच्या माणसाला कोणी मंचावर चढू देईल का, शंकाच आहे. आवाजही फार असतो. १०० डेसिबलला कानांना पंधरा मिनिटं पुरे धरतात, तेव्हा फोमचे इअरप्लग खिशात हवेतच.

शिवाय प्रवास. नागपूर-मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, म्हणजे जाता-येता दोन रात्री. स्वतःचा बेस नेणार असाल तर वरचा बर्थ घ्या. जवळजवळ चार फुटांचं धूड खाली सीटखाली सरकवलं की कोणाची तरी ट्रंक त्यावर येतेच. आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेतून मुंबईच्या दमटपणात गेल्यावर माझ्या गिटारची मान अशी फिरली की तारा फ्रेटला घासायला लागल्या. मान सरळ करायची चावी बरोबर ठेवा.

इथल्या मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात: फुकट किंवा स्वस्त असतात, पण बोटं मोठ्या पडद्यावरच दिसली तर दिसतात, आणि कॅमेरा बेसिस्टकडे वळत नाही. गेलातच तर मधोमध, मिक्सरच्या आसपास उभे राहा. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारे मोठे स्पीकर, दोन बाजूंना ठेवलेले असले की मधल्या पट्ट्यात बेस भरीव लागतो, बाजूला सरकलं की काही सूर गायब. मैदानावर रात्री दहाला भोंगे बंद, त्यामुळे शेवटची गाणी घाईत उरकतात. कॅफेतल्या छोट्या गिगचा मात्र मी पक्षपाती आहे. ४१ हर्ट्झची लहर आठ मीटरहून लांब असते, त्यामुळे छोट्या खोलीत दोन पावलं मागे सरकलं तरी बेस बदलतो. एकदा करून बघा.

मावसभावाने अजून कुठल्याही ड्रमरबरोबर एक गाणं धड वाजवलेलं नाही. त्याला मी सांगितलं, शनिवारी मावशीला घेऊन देशपांडेला जा. दीड-दोन वर्षं बँडमध्ये वाजवून झालेत, हात कुठे अडतो ते कळलंय आणि नवं वाद्य घ्यायचंय, अशांनी मुंबई गाठावी. त्यांना ऑर्केस्ट्रात नवं फारसं मिळणार नाही.

आणि मुंबईचं ठरलंच, तर परतीचं तिकीट त्याच रात्रीच्या दुरांतोचं काढू नका. ती सीएसएमटीहून रात्री आठच्या सुमारास सुटते, आणि ज्याच्यासाठी गेलात तो बहुतेक तेव्हाच मंचावर येऊन केबल खोचत असतो.