जोडून उभारायच्या फिगर: गोव्याच्या हवेत कुठला सांधा टिकतो

चतुर्थीला घरच्या मुलासाठी जोडायची फिगर घेताना डब्यावरचं चित्र पाहिलं जातं, मग तुकडे किती ते मोजलं जातं. सांधा कोणी पाहत नाही. चिलखत, तलवार, पंख वर्षानुवर्षं तसेच राहतात. आधी सैल होतो तो खांदा, नाहीतर कंबर, आणि मग ती फिगर कपाटात भिंतीला टेकून उभी राहते. म्हणून इथे परीक्षण आहे ते सांध्यांचं: लेगोची गोळा-वाटी, जपानी कंपनी बांदाईच्या गंडम यंत्रमानवांच्या किटमधला पॉलीकॅप आणि तिच्याच '३० मिनिट्स मिशन्स' मालिकेतली ३ मिलिमीटरची खुंटी. आमचा कौल तिसऱ्याला आहे. का, ते पुढे.

पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुलीचा सांधा मोकळाच लागतो, कारण हात कुठे थांबायचा हे दोरी ठरवते. फिगरला दोरी नाही. हात वर धरून ठेवायचं काम फक्त घर्षणाचं, आणि ते घर्षण दोन तुकड्यांमधल्या पाव मिलिमीटरहूनही कमी फरकावर अवलंबून असतं. खुंटी ०.०५ मिलिमीटरने झिजली तरी हात खाली येतो.

लेगोपासून सुरुवात करू. २००१ साली बायोनिकल ही त्यांची जोडायच्या फिगरची मालिका आली, तेव्हाच्या पहिल्या सहा टोआंना, म्हणजे तिच्या नायकांना, कोपर-गुडघे नव्हते. दातेरी चाकं फिरवली की हात झुलायचा, एवढंच. २००६च्या टोआ इनिकांमध्ये चाकं गेली आणि सगळे सांधे गोळा-वाटीचे झाले. पोझ सुधारली, पण सगळा ताण वाटीच्या कडेवर आला. गोळा वाटीत बसताना कड फाकते आणि बसल्यावरही ती किंचित ताणलेलीच राहते. २००७-०८च्या सुमारासच्या संचांत या वाट्या तडकायला लागल्या, पोपटी रंगाच्या तर फारच. संग्राहक आजही पोपटी सांधा दिसला की हात आखडता घेतात. जुना डबा विकत घेत असाल तर प्रत्येक वाटी उजेडात धरून पाहा. कडेपासून खाली जाणारी केसाएवढी रेघ दिसली तर तो तुकडा गेलाच समजा. तिथे गोंद टिकत नाही, कारण गोळा परत घातला की कड पुन्हा त्याच रेघेवर फाकते.

२०११मध्ये हिरो फॅक्टरी या दुसऱ्या मालिकेतून लेगोने सीसीबीएस नावाची नवी जोडणीची पद्धत आणली: वेगवेगळ्या लांबीची 'हाडं', त्यांच्या टोकांना गोळा किंवा वाटी, आणि वरून टचकन बसणारी कवचं. वाट्या जाड झाल्या, तडकणं जवळपास थांबलं. सांधा म्हणून ही पद्धत आजही उत्तम आहे. घट्टपणा सगळीकडे सारखा, कवच काढून हाड बदलायला दोन मिनिटं. पण बायोनिकल २०१५ला परतलं आणि २०१६ला पुन्हा बंद झालं, स्टार वॉर्सच्या मोठ्या फिगर २०१८पर्यंत चालल्या, आणि त्यानंतर ही हाडं बहुतेक जुन्या मालातून मिळवावी लागतात. पुढे आलेल्या छोट्या मार्व्हल यंत्रमानवांना तर गुडघाच नाही. लेगोच्या पद्धतीतली खरी अडचण हीच: सांधा चांगला असूनही मालिका बंद पडली की त्याचा पुरवठा आटतो.

गंडमची किटं १९८०पासून आहेत. त्यांत दीर्घकाळ चाललेला सांधा म्हणजे पॉलीकॅप, पॉलिथिनची मऊ टोपी. तिच्यात कडक प्लास्टिकची खुंटी जाते. मऊ भाग दबतो आणि कडक भाग झिजत नाही, म्हणून शेकडो वेळा हलवूनही पकड बरीच टिकते. पॉलिथिनला गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेचं काहीच वाटत नाही. दोष दोनच: त्यावर रंग बसत नाही, आणि राखाडी टोपी सांध्यातून डोकावते. २०१०च्या रियल ग्रेड या गंडम किटांच्या प्रकारात एकमेकांना न चिकटणाऱ्या दोन प्लास्टिकांचा सांगाडा साच्यातूनच जोडलेला, हलता येऊ लागला. पाहताना ती जादूच वाटते. पण त्या बारीक सांध्यांना अंगभर चिलखत पेलवत नाही. कंबर आणि खांदा लवकर ढिले पडतात आणि बदलता येत नाहीत. अलीकडच्या काही रियल ग्रेड किटांत बांदाईने तो सांगाडा सोडून दिला, ते बरं झालं.

आता ३० मिनिट्स मिशन्स. २०१९मध्ये अल्टो आणि पोर्टानोव्हा या दोन यंत्रांनी ही मालिका सुरू झाली. मापं १/१४४च्या घरातली, म्हणजे कल्पित यंत्राच्या १४४व्या भागाएवढी, गोंद लागत नाही, रंग लागत नाही. खांदा, पाठ, पाय, बहुतेक ठिकाणी ३ मिलिमीटरची खुंटी आणि ३ मिलिमीटरचं भोक. एका किटचा हात दुसऱ्या किटला लागतो, पाठीवरच्या भोकात कुठलंही शस्त्र बसतं. कोतोबुकिया या दुसऱ्या जपानी कंपनीच्या फ्रेम आर्म्स आणि हेक्सा गियर या मालिकांमध्येही ३ मिलिमीटरच आहे, आणि त्यांच्या एम.एस.जी. मालिकेत नुसते सांधे, नुसत्या पॉलीकॅप वेगळ्या पाकिटात मिळतात. या साऱ्या धंद्याचं भवितव्य आम्हाला इथे दिसतं. सांधा सुटा, स्वस्त आणि दोन-तीन कंपन्यांना समान असेल तर एक मालिका बंद पडली म्हणून घरातली फिगर निकामी होत नाही.

एक सावधगिरी मात्र कायम लक्षात ठेवा. लेगोची बारीक दांडी, म्हणजे लेगो माणसाच्या हातात बसते ती, सुमारे ३.२ मिलिमीटरची असते. ती ३ मिलिमीटरच्या भोकात जोर लावून जाते, मुलं ती हमखास घालतात, आणि भोक एकतर कायमचं फाकतं किंवा फुटतं. दोन्ही खेळणी एकाच डब्यात ठेवू नका.

जोडताना बहुतेक चुका कापण्यात होतात. किटचे तुकडे प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात; त्या चौकटीतून तुकडा सोडवताना निपरने, म्हणजे कापायच्या छोट्या पकडीने, दोनदा कापायचं: पहिल्यांदा तुकड्यापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, दुसऱ्यांदा जवळून, निपरची सपाट बाजू तुकड्याकडे ठेवून. एकाच कापात काढलं तर ओढ बसते आणि प्लास्टिक तिथे पांढरं पडतं. कातरलेली गाठ खुंटीवर राहिली तर ती भोकाला आतून खरवडते आणि पहिल्या दहा-बारा हालचालींतच सांधा सैल होतो. म्हणून खुंटीवरची गाठ आधी ब्लेडने, मग ८०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. पण पूर्ण खुंटी घासू नका. भोक तपासायला ३ मिलिमीटरच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा पुरतो. तो किंचित अडकत गेला तर माप बरोबर, घरंगळला तर भोक सैल आहे. नवा सांधा फारच घट्ट असेल तर जोर लावू नका, केस वाळवायच्या यंत्राने थोडा कोमट करा आणि सिलिकॉन तेलाचा अगदी बारीक थेंब द्या. खोबरेल किंवा कुलपाला मारायचा स्प्रे मुळीच नको.

चिलखतावरच्या रेघा काळ्या करायला वापरतात तो इनॅमल रंगही सांध्यांपासून दूर ठेवा. एबीएस प्लास्टिकवर खुंटी घुसलेल्या जागी आधीच ताण असतो. इनॅमलचा थिनर त्या ताणलेल्या भागात झिरपतो आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सांधा आपोआप तडकलेला सापडतो. लोकांना वाटतं किटच खराब होतं. पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग किंवा बारीक टोकाचं मार्कर वापरा, आणि तेही भाग सुटे असताना.

सैल झालेला सांधा सुधारता येतो. खुंटीवर पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश पातळ लावा, वाळू द्या, दुसरा हात द्या, मग जोडून पाहा. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, जुलैत दोन दिवस धरा. नेलपॉलिश लावू नका, त्यातलं द्रावण किटचं पॉलिस्टिरीन प्लास्टिक विरघळवतं. फेविक्विकसारखा गोंद चालतो, पण तो पूर्ण वाळल्याशिवाय सांधा जोडलात तर कायमचा चिकटेल. शिवाय हा गोंद हवेतल्या ओलाव्यावरच सुकतो. पणजीच्या पावसाळ्यात तो झटकन सुकतो आणि आजूबाजूला पांढरी भुकटी सोडतो, तेव्हा पंख्यासमोर आणि अगदी कमी लावा. घाई असेल तर नळाच्या कामाची पांढरी टेफ्लॉन टेप खुंटीभोवती एक वेढा. फक्त टेप जाड झाली तर भोक फाकतं. चमक घालवणारा मॅट कोटचा स्प्रे जून ते सप्टेंबर मारूच नका. दमट हवेत थर धुरकट पांढरा होतो.

मोठी फिगर घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. हिशेब करून पाहा. १८ मीटरचा आरएक्स-७८-२ गंडम १/१४४ मापात साडेबारा सेंटिमीटर भरतो, १/६०च्या परफेक्ट ग्रेडमध्ये ३० सेंटिमीटर. उंची २.४ पट. सगळं त्याच प्रमाणात वाढवलं तर वजन जवळपास १४ पट, हाताची लांबी २.४ पट, म्हणजे खांद्यावरचा पीळ सुमारे ३३ पट होतो. त्याच प्लास्टिकच्या, त्याच दाबाच्या घासणाऱ्या सांध्याची पकड मात्र फक्त १४ पट वाढते. नरकासुर करणाऱ्या पोरांना हे गणित न मांडता कळतं. पंधरा फुटी नरकासुराचा उगारलेला हात कागद-गवतावर राहत नाही, आत बांबू नाहीतर लोखंडी पट्टी लागते. म्हणूनच मोठ्या किटांना टकटक करत दातांवर अडणारे सांधे किंवा स्क्रू लागतात. समुद्राजवळच्या घरात स्क्रू गंजतो, हे धरून चला. पहिल्यांदा घेणाऱ्याने १/१४४च्या वर जाऊ नये.

घरी थ्रीडी प्रिंटरवर सांधे छापणारे आता गोव्यातही आहेत, आणि सुट्या सांध्यांचा तो चांगला स्रोत ठरेल. खुंटी आडवी ठेवून छापा. उभी छापली तर थर एकमेकांवर रचले जातात आणि ती थरावरूनच तुटते. खुंटी आणि भोक यांत ०.२ ते ०.३ मिलिमीटर जागा सोडून सुरुवात करा. छपाईच्या प्लास्टिकांपैकी पीएलए सतत दाबाखाली हळूहळू फाकतं आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत त्याची खैर नाही. पीईटीजी बरं. नायलॉन सर्वांत चिवट, पण पावसाळ्यात ते पाणी ओढतं आणि छापताना फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो. रीळ सिलिका जेलसह हवाबंद ठेवा, छापण्याआधी वाळवा.

किमतीचं म्हणाल तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७०. जपानी किट इथे महाग पडण्याचं तेही एक कारण. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, डब्यावर ते पाहा. फारच स्वस्तात मिळणारं नकली किट टाळा. त्यात भोकांचं माप भरवशाचं नसतं, आणि इथे सगळी भिस्त त्या मापावरच आहे.

पावसाळ्यात फिगर ठेवताना हात खाली सोडा, जड शस्त्र काढून बाजूला ठेवा. दाबाखाली महिनोन्‌महिने राहिलेली पॉलीकॅप त्याच आकारात बसते. डबा भिंतीला लावू नका, पुठ्ठ्याला बुरशी येते आणि ती स्टिकरवर चढते. आणि किट जोडून झाल्यावर पॉलीकॅपची चौकट फेकू नका. गंडमच्या हाय ग्रेड किटांत पीसी-००१सारखी एकच चौकट बऱ्याच किटांना वापरलेली असते, त्यामुळे दर वेळी काही टोप्या उरतात. चौकटीचा नंबर लिहून त्या औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जमवल्या तर दोन-तीन किटांनंतर घरातच सुट्या सांध्यांचा साठा होतो.