नावांचे अर्थ सांगणारे ॲप: ‘आयशा’ या एका नावावरून घेतलेली पारख

सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीने मुलीचे नाव ‘आयशा’ ठेवले. शुभेच्छापत्रावर नावाचा अर्थ लिहावा, या हेतूने नावांचे अर्थ सांगणारे एक ॲप मी घेतले आणि आठवडाभर वापरले.

‘जगणारी’ हा अर्थ त्यात अचूक दिला आहे आणि, विशेष म्हणजे, त्यामागचा अरबी धातूही उलगडला आहे: ‘आश’ म्हणजे जगला, त्यावरून ‘आइश’ म्हणजे जगणारा, आणि शेवटी स्त्रीलिंगी प्रत्यय लागून ‘आइशा’. हे वाचताच मला आपला ‘ऐशआराम’ आठवला, कारण त्यातला ‘ऐश’ याच धातूतून फारसीमार्गे मराठीत आला आहे. इजिप्तमध्ये तर रोजच्या रोटीलाच ‘ऐश’ म्हणतात, आणि आखातात भाताला. नावाच्या पोटात अन्नही आहे, हे ॲपने सांगायला हवे होते.

सांस्कृतिक माहिती मात्र ‘प्रेषितांच्या पत्नीचे नाव’ एवढ्यावरच आटोपली आहे. हजरत आयशा यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) सांगितल्या गेल्या, ही त्यांची विद्वत्ता त्यात नाही. दमास्कसच्या सूफी कवयित्री आयशा अल-बाऊनिया (मृत्यू 1517) आणि इजिप्तच्या कवयित्री आयशा तैमूर (1840–1902) यांचाही उल्लेख नाही. हेच नाव तुर्कीत ‘आयशे’ आणि स्वाहिलीत ‘आशा’ होते (आपल्या आशेशी त्याचा संबंध नाही), तर शियाबहुल इराणमध्ये ते क्वचितच ठेवले जाते. असा प्रवास सोडून निम्मे पान शुभ अंक आणि रत्न यांना दिलेले पाहून वाईट वाटले.

सर्वांत मोठा दोष तयार शुभेच्छापत्रात आहे. अरबी लिपीत हे नाव उजवीकडून डावीकडे, पहिली दोन अक्षरे एकत्र आणि पुढची तीन एकत्र, असे लिहितात. पत्रावर मात्र पाचही अक्षरे सुटी आणि उलट्या क्रमाने उमटली होती. लिपी जाणणाऱ्या आजीच्या हाती असे पत्र पडले असते, तर नातीचे नाव तिला वाचताच आले नसते. तक्रार कळवली, उत्तर आले नाही. अखेर मैत्रिणीकडून नाव लिहून घेतले आणि त्यावरून मी ते पत्रावर हाताने गिरवले.

अर्थ आणि व्युत्पत्ती यांसाठी हे ॲप जरूर वापरावे. पत्र छापायचे असेल, तर अरबी अक्षरे आधी जाणकाराला दाखवून घ्यावीत.